बाराव्या दिवशीचा प्रवेश

कॉलेज सोडून जाणारं पोर हेमलता भंगाळे यांना आधीच ओळखू यायचं. कसं, ते त्यांना सांगता आलं नसतं. मुलगा डबा एकट्यानं खायला लागला, किंवा मुलगी बस यायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभी राहायला लागली, की त्या मनाशी म्हणायच्या, हे पोर दिवाळीनंतर दिसणार नाही. बहुतेक वेळा ते दिसायचं नाही.

तापीतीर कम्युनिटी कॉलेजात त्या एकोणीस वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी होत्या. कॉलेज तालुक्याच्या गावचं. शिकवायचं ते हाताला काम देणारं: सौर पंपांची दुरुस्ती, प्रयोगशाळेतलं काम, केळीवरची प्रक्रिया. विद्यार्थीही एका वयाचे नसत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेलं अठराचं पोर, त्याच्या शेजारी लग्नानंतर दहा वर्षांनी वही हातात धरलेली बाई, तिच्या मागं गिरणी बंद पडल्यावर नवं काम शिकायला आलेला चाळिशीचा फिटर. एकमेकांकडे पाहायलाही बिचकणाऱ्या या माणसांना बोलतं करायचं, हे हेमलताबाईंचं काम. दर जुलैत पहिल्या आठवड्याचा दीक्षारंभ त्या चालवायच्या. खेळ घ्यायच्या, गावावरून गाव आणि आडनावावरून नातं काढायच्या, तिसऱ्या दिवसापर्यंत दीडशे नावं पाठ करायच्या. एवढं करूनही शंभरातली पस्तीस-चाळीस माणसं वर्ष संपायच्या आत गळायचीच.

दोन हजार एक्केचाळीसच्या मे महिन्यात प्राचार्य नारखेडे यांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. समोर तिशीतला एक सडसडीत माणूस बसला होता. डॉ. अन्वय टिपणीस, मेंदूविज्ञानाचा संशोधक. आता एका कंपनीत होता.

"भंगाळे मॅडम, गळती शून्यावर आणतो म्हणतायत हे," नारखेडे म्हणाले. "ऐकून घ्या."

टिपणीसनं टेबलावर घड्याळासारखा एक राखाडी पट्टा ठेवला.

"मेंढी व्याली ना, की साधारण दोन तास तिच्या मेंदूचं एक दार उघडं असतं," तो म्हणाला. "तेवढ्या वेळात जे कोकरू तिच्या नाकासमोर येईल, ते तिचं. त्याचा वास कायमचा कोरला जातो. हे करतं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक. माणसात तेच बाळंतपणात पाझरतं, मिठी मारल्यावर पाझरतं. हे सगळं जुनं आहे. नवं एवढंच, की ते दार माणसातही आहे आणि बाहेरून उघडता येतं, हे आम्हाला सापडलं."

"कसं उघडता?"

"दोन गोष्टी एका वेळी कराव्या लागतात. हवेत एक बारीक फवारा सोडतो. ऑक्सिटोसिन मेंदूत ज्या पेशींवर काम करतं, त्यांना तो जागं करतो. आणि हा पट्टा. हा नाडीवर हलकी थाप देतो, सगळ्यांना एकाच लयीत. पंधरा-वीस मिनिटांत सभागृहातली दीडशे हृदयं एका ठेक्यावर येतात. मेंदूला वाटतं, हे सगळं मिळून एकच शरीर आहे. मग त्या दोन तासांत समोर दिसलेला प्रत्येक चेहरा आपला होतो. आम्ही याला समलय म्हणतो."

"आणि नंतर?"

"दार मिटतं. दोन-तीन वर्षं पुन्हा उघडत नाही. तुमचा अभ्यासक्रम तेवढाच आहे ना?"

हेमलताबाईंनी पट्टा हातात घेतला. "घरच्या माणसांचं काय होतं? आधीच्या नात्यांचं?"

"पुसली जात नाहीत. त्यांचा आवाज थोडा खाली जातो, इतकंच. घर सोडून शिकायला आलेल्या मुलाला ते बरंच असतं."

मग त्यानं एक अट सांगितली. गटाचं नेतृत्व करणारी व्यक्ती आत हवी. बाहेर राहिलेल्या माणसाचं हा गट ऐकत नाही. नारखेडे हेमलताबाईंकडे पाहत राहिले. आदल्या वर्षी गळालेल्या एकोणसाठ जणांची नावं हेमलताबाईंना क्रमानं पाठ होती. त्यांनी होकार दिला.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सभागृहात एकशे चौसष्ट विद्यार्थी आणि त्या, असे एकशे पासष्ट जण गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. हवेला ओल्या कापडासारखा किंचित वास आला. मनगटावर थाप सुरू झाली. सुरुवातीला ती परकी वाटली, मग त्यांची स्वतःचीच वाटायला लागली. समोर तेजल पाचपांडे नावाची अठरा वर्षांची मुलगी घाबरून ओढणीचं टोक पिळत बसली होती. हेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या छातीत असं काही भरून आलं, की मूल झालं असतं तर असंच वाटलं असतं, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांना मूल नव्हतं. तेजलच्या शेजारचा फिटर मान खाली घालून रडत होता आणि त्याचा हात कुणीतरी धरला होता. दोन तासांनी दारं उघडली तेव्हा कुणालाच बाहेर जायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस हेमलताबाईंच्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. कुणी एकट्यानं डबा खात नव्हतं. पाड्यावरच्या मुलाला ताप आला तर सौर पंपाचा अख्खा वर्ग त्याच्याकडे पोचायचा. गणितात मागं असणाऱ्यांना पुढचे ओढून नेत होते. ऑगस्ट संपला तरी एकही गळालं नव्हतं. घरी मात्र त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले मनोहरराव, एकदा जेवताना म्हणाले, "हल्ली तू चांगल्या शेजाऱ्याकडे आल्यासारखी घरी येतेस. सगळं विचारतेस, आणि उत्तर ऐकत नाहीस." हेमलताबाई हसल्या. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, हे हात धुताना त्यांच्या ध्यानात आलं.

पण हे सांगताना एक गोष्ट राहिली. दीक्षारंभ सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी रेहाना तडवी आली होती.

रेहाना ही हेमलताबाईंच्या पहिल्या वर्षातली पहिली गळती. तेव्हा एकोणीसची होती, प्रयोगशाळेच्या पदविकेत सगळ्यांच्या पुढं. सहा महिने राहिले असताना बापानं लग्न ठरवलं. हेमलताबाई स्कूटरवरून तिच्या गावी गेल्या, बापाशी दोन तास बोलल्या, चहा पिऊन रिकाम्या हातांनी परतल्या. तेव्हापासून दोघींचं येणं-जाणं होतं. ईदला रेहानाकडून डबा यायचा, आणि दर जूनमध्ये हेमलताबाई फोन करून एकच प्रश्न विचारायच्या, "यंदा येतेस का?" नवरा गेला, त्याला चार वर्षं झाली होती. रेहाना केळीच्या पॅकहाऊसमध्ये फण्यांवर कंपनीचे स्टिकर लावायची. मुलगी अल्फिया बारावीला गेली, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "यंदा येते, मॅडम."

तिचा जात वैधतेचा दाखला अडकला. तो हातात पडला आणि ती आली, तेव्हा बारावा दिवस होता.

हेमलताबाईंनी टिपणीसला फोन केला. एका बाईसाठी पुन्हा करता येईल का?

"तिचं दार उघडेल," तो म्हणाला. "पण तुमची एकशे पासष्ट दारं मिटली आहेत. ती तुमच्यावर जीव टाकेल आणि तुमच्याकडून काही परत जाणार नाही. ते तिला जास्त जड जाईल. पुढच्या वर्षी घ्या तिला."

रेहाना कार्यालयाच्या बाकावर बसली होती. नवी वही, नवी चप्पल. अडतीस वर्षांची बाई शाळेच्या पहिल्या दिवशी बसावी तशी बसली होती. तिला पुढच्या वर्षी ये म्हणणं हेमलताबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे सगळे आधीच एकमेकांचे झालेत," रेहाना म्हणाली. "मी उपरी."

"मी आहे ना," हेमलताबाई म्हणाल्या. "मी असताना तू उपरी कशी?"

हे म्हणताना त्या खरंच मनापासून म्हणत होत्या. पण ते मन त्यांना आठवणीतून काढावं लागलं, कपाटातून जुनी साडी काढावी तसं. त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

रेहानाला कुणी त्रास दिला नाही. उणं बोललं नाही. ऑक्टोबरात ती हेमलताबाईंच्या खोलीत आली, दारात उभी राहिली. हेमलताबाईंनी मान वर करून विचारलं, "काय काम आहे?"

"काम नाही, मॅडम. कँटीनमध्ये बसत होते, म्हटलं इथं बसावं."

"बस की. कुणी काही बोललं का?"

"नाही. पोरं वाईट नाहीत. जरा सरका म्हटलं की सरकतात. पण मी बसले काय आणि उठले काय, कुणाचं वाक्य तुटत नाही." तिनं ओढणी सारखी केली. "पॅकहाऊसमध्ये मुकादम शिव्या घालायचा. पण त्याला माहीत असायचं मी आहे म्हणून."

"थोडा वेळ दे त्यांना."

"आणि तुम्हाला? महिना झाला, तुम्ही मला नावानं हाक मारली नाहीत."

हेमलताबाईंनी तिला चहा मागवला, अभ्यासाचं विचारलं, निरोप दिला. ती गेल्यावर त्यांनी आठवून पाहिलं. एकोणीस वर्षांतलं सगळं जागच्या जागी होतं: तिचं गाव, तिच्या नवऱ्याचा अपघात, डब्याचं झाकण. फक्त ते त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं तसं आठवत होतं.

त्या दिवशी त्यांनी मेंढ्यांवरचं मूळ संशोधन शोधून वाचलं. टिपणीसनं सांगितलेलं सगळं त्यात होतं, आणि पुढंही दोन परिच्छेद होते. दार मिटल्यावर दुसरं कोकरू जवळ आलं, तर मेंढी त्याला डोक्यानं ढकलून देते. ते भुकेनं ओरडत राहिलं तरी दूध पाजत नाही. माया लावणारं संप्रेरक आणि परकं ठरवणारं संप्रेरक वेगवेगळी नसतात. ज्या कामानं आतल्यांची खूण मेंदूत पक्की होते, त्याच कामानं बाहेरचाही ठरतो.

दुसऱ्या दिवशी त्या ते कागद घेऊन नारखेड्यांकडे गेल्या.

"मॅडम, डिसेंबरात मूल्यांकन समिती येतेय," नारखेडे म्हणाले. "गळती शून्य. राज्यात कुणाची नाही. आणि तुम्ही म्हणताय एका बाईला करमत नाही."

"करमण्याचा प्रश्न नाही, सर. ती कुणाला दिसतच नाही."

"तुम्हाला तरी दिसते का?"

नारखेड्यांनी ते सहज विचारलं होतं. हेमलताबाई उठल्या आणि कागद परत घेऊन आल्या. समिती डिसेंबरात आली, कॉलेजला सर्वोच्च श्रेणी मिळाली, आणि हेमलताबाईंचा सत्कार झाला. गप्प बसल्याचं त्यांच्या मनाला टोचलं नाही. टोचत नाही याचीच त्यांना मधूनमधून भीती वाटायची, पण सभोवती मुलं असली की तीही राहायची नाही.

जानेवारीत प्रयोगशाळा आणि केळी प्रक्रिया या दोन वर्गांची सहल निघाली. एक बस, त्रेचाळीस विद्यार्थी आणि हेमलताबाई. महामार्गावरच्या एका केळी पिकवण केंद्रात जायचं होतं. फोन नियमाप्रमाणे फाटकावर ठेवून घेतले गेले. केंद्राच्या तंत्रज्ञानं त्यांना चार नंबरच्या खोलीत नेलं. जाड भिंती, हवाबंद दार, आत छतापर्यंत रचलेले क्रेट.

"तोडलेलं केळं मेलेलं नसतं," तो सांगत होता. "ते श्वास घेतं. आपल्यासारखंच प्राणवायू घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पिकायला लागलं की धापा टाकल्यासारखा श्वास घेतं. बंद खोलीत वीस टन केळी, म्हणजे विचार करा. हवा बदलायचं यंत्र ठरल्या वेळी चालतं, पण तोपर्यंत आत माणूस राहता कामा नये."

मुलं हसत, एकमेकांना धरून बाहेर आली. तंत्रज्ञानं दाराला हात घालत विचारलं, "सगळे बाहेर?"

हेमलताबाईंनी मागं पाहिलं. तेजल होती, तिच्या वर्गातला भाग्येश होता, पाड्यावरची दोघं होती. त्यांना आतून भरल्यासारखं वाटलं, पंगत पूर्ण बसल्यावर वाटतं तसं. "हो," त्या म्हणाल्या. दार लागलं.

बसमध्ये चढल्यावर त्यांनी विचारलं, "सगळे आले ना?" आणि सगळी बस एका आवाजात म्हणाली, "आले." गेली एकोणीस वर्षं प्रत्येक सहलीला त्या यादी काढून नावं घ्यायच्या. त्या दिवशी यादी पर्समध्येच राहिली. फाटकावर एकेकानं आपापला फोन उचलला. ट्रेमध्ये एक फोन उरला होता, तो कुणी पाहिला नाही. चाळीस किलोमीटर गाणी म्हणत बस कॉलेजात पोचली, तेव्हा केंद्राच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

रेहाना खोलीच्या मागच्या भिंतीशी लावलेल्या मापकाचे आकडे वहीत उतरवत होती. क्रेटच्या मागं होती. आतून दार उघडायची दांडी होती, ती गंजून अडकलेली निघाली. जाड दारातून आवाज बाहेर आला नाही. पन्नास मिनिटांनी हवा बदलायचं यंत्र सुरू झालं, म्हणून ती जगली. पहारेकऱ्यानं उरलेला फोन पाहून शोध घेतला तेव्हा ती दाराशी पडली होती. मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. अकरा दिवसांनी ती बोलली, तेही एकेक शब्द जोडून. उजवा हात थरथरायचा थांबला नाही, आणि थांबणार नाही असं डॉक्टरांनी अल्फियाला सांगितलं.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष श्रीमती कोठावदे, शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या, करड्या पण सरळ बाई. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ग्रंथालयात बसमधल्या सगळ्यांचे जबाब सुरू झाले. हेमलताबाई बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

पहिली तेजल. "मॅडमनी बसमध्ये नावं घेतली," ती शांतपणे म्हणाली. "रेहानाबाई हजर म्हणाल्या. मग त्या काही राहिलं म्हणून उतरल्या असतील."

भाग्येश म्हणाला, त्यानं त्यांना उतरताना पाहिलं. फिटर म्हणाला, मॅडमनी यादी दोनदा वाचली. कुणी कुणाशी ठरवलेलं नव्हतं. प्रत्येकाचा तपशील वेगळा होता आणि प्रत्येकजण जबाब देताना हेमलताबाईंकडे असं पाहत होता, जसं घरातल्या आजारी माणसाकडे पाहावं. नववा जबाब झाल्यावर हेमलताबाई उठून उभ्या राहिल्या.

"हे सगळं खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी नावं घेतलीच नाहीत. तंत्रज्ञानं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. रेहाना नाही हे मला कळलंच नाही. माझ्या मनात सगळे होते."

कोठावदेबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही हे लिहून द्याल?"

"देते."

त्यांनी लिहून दिलं. त्यात मेंढ्यांच्या संशोधनाचे दोन परिच्छेदही जोडले. मग उरलेले तेहेतीस जबाब झाले, आणि प्रत्येकात एक वाक्य जास्तीचं आलं: मॅडम त्या दिवसापासून झोपलेल्या नाहीत, त्या सगळं स्वतःवर ओढवून घेतात, त्यांचा स्वभावच तसा आहे. बेचाळीस एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. रेहानाला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी तेजलला गाठलं. "का खोटं बोललीस?"

तेजल गोंधळली. "खोटं? मॅडम, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"आणि तिला झालं ते?"

"वाईटच झालं," तेजल म्हणाली, आणि ते तिनं वर्तमानपत्र वाचल्यासारखं म्हटलं. मग तिनं हेमलताबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही जेवलात का?"

त्या मुलीला एक थोबाडीत द्यावी असं हेमलताबाईंना वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी दुसऱ्या हातानं तिचे केस सारखे केले. ती त्यांना इतकी लाडकी वाटली, की आपल्याला स्वतःची किळस यावी अशी त्यांनी मनापासून वाट पाहिली. किळस आली नाही.

अहवाल एप्रिलमध्ये आला. विद्यार्थिनी स्वतःहून बसमधून उतरून खोलीत परत गेली असावी. केंद्राच्या दाराची दांडी नादुरुस्त होती. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांचं निवेदन मानसिक ताणाखाली दिलेलं आहे. शेवटी दोन शिफारशी होत्या. समलय उपक्रम यशस्वी असल्यानं पुढं चालू ठेवावा, आणि दीक्षारंभाच्या पहिल्या दिवसानंतर कुणालाही प्रवेश देऊ नये. सहानुभूती म्हणून रेहाना तडवी यांच्या मुलीला कॉलेजात जागा द्यावी, असं नारखेड्यांनी आपल्या अधिकारात जोडलं.

हेमलताबाईंनी राजीनामा दिला. निरोपाला सगळी मुलं रडली, त्याही रडल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रेहानाच्या गावी गेल्या. दुपारची वेळ होती. अल्फिया पॅकहाऊसला गेली होती, आईच्या जागी. रेहाना दाराशी खाटेवर बसली होती. उजवा हात तिनं डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता.

"समितीपुढं... खरं बोललात म्हणे," ती म्हणाली. शब्दांमध्ये अंतर पडत होतं.

"हो. कुणी खरं धरलं नाही."

"माफी मागायला आलात?"

"हो."

रेहानानं त्यांचा चेहरा नीट पाहिला. घाई नव्हती तिला. "माझ्या बापासमोर रडला होतात तुम्ही. त्या वेळी. बाप म्हणाला होता, ही बाई... कोण आपली, आणि रडते कशाला."

"आठवतंय मला," हेमलताबाई म्हणाल्या. "का रडले तेही आठवतंय. पण आता तुझ्यासमोर बसलेय आणि काही होत नाही, रेहाना. तुझं काय झालं ते मला समजतं. लागत नाही. खोटं रडायला येणार नव्हते."

"बरं केलंत."

आत जाऊन तिनं एक कागद आणला. चार पावलं चालायला तिला वेळ लागला. हेमलताबाईंनी उठून मदत करायला हवी हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर ती परत आली होती. कॉलेजचा कागद होता. समलय उपक्रमात सहभागासाठी पालकांचं संमतिपत्र.

"अल्फियाला जागा देतायत. पण हे... सही करून पाहिजे. दुसरीकडं कुठं घालता येईल का तिला? जिथं हे नाही?"

"जिल्ह्यात अकरा कॉलेजं आहेत. नऊ ठिकाणी यंदा बसवलंय. उरलेल्या दोन ठिकाणी पुढच्या वर्षी."

"सही नाही केली तर?"

"प्रवेश मिळेल. ती बाहेर राहील."

रेहानानं कागद मांडीवर ठेवला. तो तिच्या हाताबरोबर फडफडत होता. "बाहेर राहिलं की काय होतं ते मला माहीत आहे. आत गेलं की काय होतं... ते तुम्ही सांगा. खरं सांगा."



"आत बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "इतकं बरं, की आधी आपण एकटे होतो हे तेव्हा कळतं. ती पडली तर दीडशे जण उचलायला धावतील. तिला कुणी कुठं विसरून येणार नाही."

"आणि मी? संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा?"

"तुला जेवायला वाढेल. औषधं देईल, चुकवणार नाही. तू तिची आई आहेस हे तिला ठाऊक असेल."

"पण?"

"पण तुझा हात असा हलताना तिला दिसेल, आणि तिच्या पोटात काही हलणार नाही."

रस्त्यावरून केळीचा ट्रॅक्टर गेला. रेहानानं कागदावरची धूळ डाव्या हातानं झटकली. हेमलताबाई तिच्याकडे पाहत होत्या. काहीतरी म्हणायला हवं होतं, नको करू म्हणायला हवं होतं, किंवा कर म्हणायला हवं होतं. पण त्यातलं एकही वाक्य त्यांच्याकडे नव्हतं.

"पेन द्या," रेहाना म्हणाली.

हेमलताबाईंनी पर्समधून पेन काढलं. खाटेवर कागद ठेवून तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. रेहानाची पहिली सही रकान्याबाहेर गेली. ती खोडून तिनं खाली दुसरी केली, ओठ दाबून, एकेक अक्षर सावकाश. मग पेन परत दिलं.

"पहिल्या दिवशी किती वाजता असतं?"

"नऊला."

"साडेआठलाच पाठवते," रेहाना म्हणाली.